रहीमसाहेब : खेळाडूंची मने घडविणारे शिक्षक

फुटबॉल हा पायांचा खेळ होय, अशी सामान्यतः समजूत आहे. आणि वरवर पाहता ती खोटीही नाही. ज्याचे पाय चपळ, ज्याचा दम मोठा आणि ज्याचा नेम अचूक, तो खेळाडू चांगला, असे आपण मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणत असतो. परंतु ज्यांनी बरेच सामने लक्षपूर्वक पाहिले आहेत, त्यांस एक गोष्ट खचित आढळून आली असेल. सरावाच्या वेळी चेंडू हटकून जाळ्यात घालणारा मुलगा सामन्याच्या दिवशी, समोर एकटा गोलरक्षक उभा असता, तोच चेंडू खांबावरून उडवून देतो. पाय तेच, चेंडू तोच, अंतरही तेच. मग बदलले काय? बदलले ते मन. भीतीने छाती धडधडू लागली, स्नायू आखडले, दृष्टी आकुंचित झाली. आणि जे काम पाय आपोआप करीत होते, ते जपून जपून करावयास गेल्यामुळे बिघडले.

दोन संघ बळाने सारखे असता जय कोणाच्या पदरी पडेल, हे पुष्कळ वेळा ह्या न दिसणाऱ्या गोष्टीवर ठरते. म्हणून खेळाडूच्या शरीराबरोबर त्याच्या मनासही तालीम मिळाली पाहिजे, हा विचार आज सर्वत्र मान्य झाला आहे. परंतु ज्या काळी आपल्या देशात ह्या विषयाचे नावही फारसे कोणी घेत नव्हते, त्या काळी एका गृहस्थाने हे काम मोठ्या निष्ठेने केले. त्यांचे चरित्र आज आम्ही आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे खेळाडू त्यांस आदराने रहीमसाहेब म्हणत. म्हणून आम्हीही तेच नाव येथे योजितो.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी तेथे निजामाचे राज्य होते, आणि आपला मराठवाडाही त्याच राज्यात मोडत असे. १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. ह्याच विद्यापीठात रहीमसाहेबांनी शिक्षण घेऊन बी. ए. ची पदवी संपादन केली, व विद्यापीठाच्या फुटबॉल संघातूनही ते खेळले. पुढे शहरातील कमर क्लब नावाच्या नामांकित संघाकडूनही ते खेळत असत. खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती हैदराबादच्या बाहेर फारशी पसरली नाही. त्यांचे खरे सामर्थ्य निराळ्याच ठिकाणी होते. ते जातीचे शिक्षक होते.

पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुड्याची शाळा, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा निरनिराळ्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. मध्यंतरी शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते शाळेतील खेळांची व्यवस्था पाहू लागले. वर्गातील फळा आणि शाळेचे मैदान ह्या दोन्ही ठिकाणी त्यांची सारखीच ये-जा असे. पुढे ते भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले, परदेशी गेले, मोठमोठ्या राष्ट्रांच्या संघांशी त्यांनी गाठ घातली. परंतु त्यांचा मूळचा पिंड शाळामास्तरचाच राहिला. आमच्या मते त्यांच्या यशाचे इंगित ह्यातच आहे. चांगल्या शिक्षकास तीन गोष्टी ठाऊक असतात. कोणताही धडा एकदा सांगून येत नाही, तो पुनःपुन्हा गिरवावा लागतो. एकाच वर्गातील दोन मुले एका रीतीने शिकत नाहीत. आणि चुकलेल्या मुलास नुसते रागावल्याने चूक सुधारत नाही, उलट भीतीने ती दुप्पट होते. फुटबॉलच्या मैदानावर ह्या तिन्ही गोष्टींचा उपयोग कसा करता येतो, हे रहीमसाहेबांनी दाखवून दिले.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले, आणि हे पद त्यांनी मरेपर्यंत सांभाळले. चिटणीस म्हटला म्हणजे पत्रे लिहिणारा व हिशेब ठेवणारा माणूस, असे आपणांस वाटते. रहीमसाहेबांनी मात्र त्या पदावरून सबंध शहराची जणू शाळाच केली. मुलांसाठी त्यांनी नाना तऱ्हेच्या स्पर्धा भरविल्या, आणि त्यांचे नियम मोठे चमत्कारिक असत. एखाद्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत पुढे नेण्यास बंदी. चेंडू आला की तत्काळ तो सोबत्याकडे दिलाच पाहिजे. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत आपल्या सवयीच्या पायाने चेंडू मारावयाचा नाही. ज्याचा उजवा पाय तयार त्याने डाव्यानेच खेळावयाचे.

ह्या नियमांत गंमत आहे, तसेच शहाणपणही आहे. ज्यास चेंडू जवळ ठेवता येत नाही, त्यास तो येण्यापूर्वीच आपले सोबती कोठे आहेत हे पाहून ठेवावे लागते. म्हणजे विचार आधी आणि कृती मागाहून, ही सवय अंगी बाणते. शिवाय मीच पुढे जाईन, मीच गोल करीन, हा अहंकार आपोआप गळून पडतो, आणि आपल्या सोबत्यावर विश्वास टाकावयास मुलगा शिकतो. नावडत्या पायाने खेळताना प्रथम फजिती होते, सोबती हसतात, परंतु दहा वेळा फजिती झाल्यावर फजितीची भीती उरत नाही. जो मुलगा चुकण्यास भीत नाही तोच नवे काही शिकू शकतो, हे तत्त्व शाळेतील गणितास जितके लागू आहे तितकेच फुटबॉलासही आहे. अशा रीतीने वरून पायांची वाटणारी ही तालीम वस्तुतः मनाची तालीम होती.

गरीब मुलांकडेही त्यांचे लक्ष असे. सिकंदराबादेजवळच्या एका वस्तीत राहणारा तुलसीदास बलराम नावाचा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. मुलाचे पाय मोठे गुणी, पण घरची परिस्थिती अगदी बेताची. सरावासाठी हैदराबादेस रोज जाण्यायेण्याचा खर्च त्यास झेपण्यासारखा नव्हता. रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी सायकलची सोय करून दिली. हाच मुलगा पुढे भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला. एखाद्याच्या मनात आत्मविश्वास निर्माण करावयाचा तर लांबलचक भाषणे नेहमीच लागत नाहीत. आपल्यावर कोणी तरी भरवसा टाकला आहे, आणि त्यासाठी पदरमोडही केली आहे, एवढे मुलास कळले तरी पुरते.

हैदराबाद शहर पोलिसांचा फुटबॉल संघ रहीमसाहेबांच्या देखरेखीखाली नावारूपास आला. त्या काळी मुंबईत भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासून चालत आलेली, आणि मोठ्या मानाची मानली जाई. ह्या स्पर्धेत हैदराबाद पोलिसांनी १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे विजय मिळविला. मुंबईच्या फुटबॉलप्रेमी मंडळींत रहीमसाहेबांच्या संघाचे नाव त्यामुळे घरोघर झाले. दिल्लीचा दुरँड चषकही ह्या संघाने १९५० साली जिंकला व पुढेही जिंकला. एकदा जिंकणे कठीण खरे, पण ओळीने पाच वेळा जिंकणे त्याहून कितीतरी कठीण. पराभव मनास खचवितो, तसा विजय मनास सुस्त करतो. आणि सुस्त झालेल्या मनास पुन्हा पहिल्या दिवसाप्रमाणे सरावास उभे करणे हे मार्गदर्शकाचे अवघड काम होय. पोलीस दलातील शिस्त आणि शिक्षकाचा धीर ह्या दोहोंचा तेथे मिलाफ झाला होता.

आता आपण भारतीय संघाच्या कथेकडे वळू. स्वतंत्र भारताचा संघ प्रथम १९४८ च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत उतरला. तेव्हा रहीमसाहेब त्याचे मार्गदर्शक नव्हते. परंतु तो सामना येथे आठवणे जरूर आहे. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले, आणि फ्रान्ससारख्या संघाशी त्यांनी मोठी झुंज दिली. तरी शेवटी २–१ असा पराभव पदरी आला. त्या सामन्यात भारतास दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, आणि त्या दोन्ही वाया गेल्या. पेनल्टी म्हणजे बारा यार्डांवरून, गोलरक्षकाखेरीज दुसरा कोणी आड येत नसता, मारावयाचा फटका. येथे दम लागत नाही, वेग लागत नाही, फारसे बळही लागत नाही. लागतो तो स्थिर जीव. आपल्या खेळाडूंचे पाय कोणाहून उणे नव्हते. उणीव दुसरीकडे होती.

१९५० च्या सुमारास रहीमसाहेबांकडे राष्ट्रीय संघाची सूत्रे आली. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान ह्यांस प्रत्येकी ३–० असे हरविले, आणि अंतिम सामन्यात इराणवर १–० अशी मात करून सुवर्णपदक मिळविले. तो एकमेव गोल मेवालाल ह्यांनी केला. देशभर आनंदीआनंद झाला.

परंतु पुढच्याच वर्षी दैव फिरले. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. उत्तरेकडील थंड हवा, ओले मैदान, आणि आपले अनेक खेळाडू अनवाणी. सामना १०–१ असा हरला. दहा गोल! ज्या संघाने वर्षापूर्वी आशियात अजिंक्यपद मिळविले होते, त्याची अशी दशा झाली.

अशा प्रसंगी मार्गदर्शकाची खरी परीक्षा होते. पराभवानंतर दोन वाटा असतात. एक, खेळाडूंवर खापर फोडून मोकळे व्हावे. दुसरी, काय चुकले ते शांतपणे शोधून काढावे. अनवाणी खेळण्याचा अभिमान आता आपणांस परवडणार नाही, हे ह्या सामन्यानंतर सर्वांस पटले, आणि अखिल भारतीय फुटबॉल संघटनेने बूट घालणे सक्तीचे केले. ज्याच्या पायांस जन्मभर मातीचा स्पर्श ठाऊक, त्याने एकाएकी चामड्याचे जड बूट घालून खेळावयाचे, ही केवळ पायांची अडचण नव्हे. आपली कला आपल्यापासून हिरावून घेतली गेली, असे त्यास वाटते. जुनी सवय मोडून नवी लावून घेताना मन हट्ट करते, कुरकुरते, निराश होते. ह्या निराशेतून एक सबंध पिढी पार पडली, आणि ती पार पडत असता भारतीय संघाच्या पाठीशी रहीमसाहेब उभे होते.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्न येथे त्याचे फळ दिसले. भारताने यजमान ऑस्ट्रेलियास त्यांच्याच देशात ४–२ असे हरविले. त्यांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा ह्यांनी केले. हे मूळचे गोमंतकीय व मुंबईकडून खेळणारे. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपान्त्य सामन्यात समोर कोण आले? तोच युगोस्लाव्हिया. ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविले होते, त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहावयाचे, ह्या कल्पनेनेच एखाद्या संघाचे पाय लटपटले असते. परंतु पहिला अर्धा डाव युगोस्लाव्हियास एकही गोल करता आला नाही. आणि दुसरा अर्धा डाव सुरू झाल्यावर पहिला गोल केला तो भारताने, नेव्हिल डिसूझांच्या पायाने! पुढे युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना जिंकला, व कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाने भारतास ३–० असे हरविले. तरी भारत चौथा आला. आशियातील कोणत्याही संघाने तोवर ऑलिंपिकमध्ये इतकी मजल मारली नव्हती. १०–१ पासून येथपर्यंतचा हा प्रवास आम्हांस पदकाइतकाच मोलाचा वाटतो.

१९६० साली रोम येथे भारताचा गट फार कठीण होता. बलाढ्य हंगेरीशी आपण २–१ असे हरलो, फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी केली, आणि पेरूने आपणांस ३–१ असे हरविले. पुढची फेरी गाठता आली नाही; परंतु युरोपातील नामांकित संघांसमोर भारतीय खेळाडू आता बिचकत नाहीत, हे जगाने पाहिले.

येथे क्षणभर थांबून, खेळाडूंच्या मनाचा अभ्यास इतर देशांत कसा चालला होता, हे पाहणे उपयुक्त होईल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९२५ साली कोलमन ग्रिफिथ ह्या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा काढली. १९२६ साली मार्गदर्शकांसाठी व १९२८ साली खेळाडूंसाठी त्याने मानसशास्त्राचे ग्रंथ लिहिले. परंतु ती प्रयोगशाळा १९३२ साली बंद पडली, व हा विषय बराच काळ मागे पडला. पुढे १९५८ साली ब्राझीलच्या फुटबॉल संघाबरोबर जुवांव कार्व्हालाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी खेळाडूंच्या परीक्षा घेऊन असे मत दिले की, सतरा वर्षांचा पेले अद्याप पोरकट आहे, आणि गारिंचाच्या अंगी जबाबदारीची जाणीव नाही. सबब दोघांस खेळवू नये. मार्गदर्शक फेओला ह्यांनी ते मत बाजूस ठेवून दोघांसही खेळविले, आणि ब्राझीलने त्या वर्षी विश्वचषक जिंकला.

ह्यावरून मानसशास्त्र निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ते शास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. पुढे ते पुष्कळ वाढले. आज मोठमोठ्या संघांत मानसतज्ज्ञ असतात. सामन्यापूर्वी डोळे मिटून आपण करावयाची कृती मनात जशीच्या तशी पाहणे; सावकाश श्वास घेऊन छातीची धडधड आटोक्यात आणणे; पेनल्टीपूर्वी प्रत्येक वेळी ठरलेल्या क्रमानेच पावले टाकणे; जय-पराजयाचा विचार सोडून पुढच्या एकाच चेंडूवर चित्त ठेवणे; चूक झाली असता स्वतःशी कठोर नव्हे तर धीराचे शब्द बोलणे, असे अनेक उपाय ते खेळाडूंस शिकवितात. सरावातही गोंगाट, घाई व थकवा मुद्दाम निर्माण करून त्यांतच खेळावयास लावितात, म्हणजे सामन्याच्या दिवशी त्या गोष्टी परक्या वाटत नाहीत. परंतु वरील गोष्टीचे तात्पर्य एवढेच की, कागदावरील परीक्षेने जे कळत नाही ते रोजच्या सहवासाने कळते. रहीमसाहेबांजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याजवळ होता तो शिक्षकाचा डोळा.

हा डोळा किती तीक्ष्ण होता, हे १९६२ साली जकार्ता येथे दिसून आले. ती त्यांच्या आयुष्यातील अखेरची व सर्वांत मोठी कसोटी.

चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा त्या वर्षी इंडोनेशियाच्या राजधानीत भरल्या होत्या. यजमान सरकारने इस्राएल व तैवान ह्या देशांच्या खेळाडूंस येऊ दिले नाही. आशियाई क्रीडा चळवळीचे एक संस्थापक असलेले भारताचे जी. डी. सोंधी ह्यांनी त्यावर हरकत घेतली, आणि तेथील लोकांचा सारा राग भारतीयांवर उलटला. ३ सप्टेंबर रोजी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. मैदानावर भारतीय खेळाडू दिसताच प्रेक्षक हुर्यो करीत. राष्ट्रगीत चालू असताही आरडाओरडा थांबत नसे. फेटा पाहून आपणांस कोणी ओळखू नये म्हणून शीख खेळाडूंस मोटारीत खाली बसून प्रवास करावा लागे, असे त्या संघातील मंडळींनी मागाहून सांगितले आहे.

संघाची स्थितीही चिंता करण्यासारखी होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २–० असे हरविले. पुढे थायलंडवर ४–१ असा विजय मिळाला; परंतु त्या सामन्यात बचाव फळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग ह्याच्या डोक्यास मोठी जखम होऊन टाके घालावे लागले. त्याच्याशिवाय खेळून भारताने जपानला २–० असे हरविले व उपान्त्य फेरी गाठली. त्रिलोकसिंगच्या पायाचे बोट दुखावलेले. उंचापुरा गोलरक्षक थंगराज तापाने आजारी. आणि स्वतः रहीमसाहेबांच्या शरीरास फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते.

उपान्त्य सामन्यासाठी त्यांनी जो निर्णय घेतला तो ऐकून कोणीही चकित होईल. जखमी जर्नेलसिंगला त्यांनी खेळविले. पण बचाव फळीत नव्हे, तर आघाडीच्या मध्यभागी! मागे अरुण घोष चांगला स्थिरावला होता, त्याची जागा त्यांनी हलविली नाही. आणि कपाळास पट्टी बांधलेला तो धिप्पाड वीर शत्रूच्या गोलासमोर उभा राहिला. दक्षिण व्हिएतनामवर भारताने ३–२ असा विजय मिळविला. त्यांतील दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामीचे व एक जर्नेलसिंगचा. येथे आमच्या बालवाचकांस एक सूचना केली पाहिजे. डोक्यास जखम झाली असता खेळणे हे शौर्य समजू नये. आज अशा खेळाडूची वैद्य कसून तपासणी करतात, आणि त्यांनी परवानगी दिल्याखेरीज त्यास मैदानावर पाऊल टाकू देत नाहीत. हेच योग्य होय. आम्ही येथे गौरव करतो तो मार्गदर्शकाने ओळखलेल्या मनाचा. बाजूस बसून राहिला असता हा मनुष्य झुरेल, आणि त्याच्या नुसत्या मैदानावर असण्याने इतर दहांस धीर येईल, हे त्यांनी जाणले होते.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, आणि प्रतिस्पर्धी पुन्हा तोच दक्षिण कोरिया. आदल्या रात्री कित्येक खेळाडूंस झोप लागेना. पी. के. बॅनर्जी पुढे अनेकदा सांगत की, त्या रात्री फिरावयास बाहेर पडलेल्या खेळाडूंची रहीमसाहेबांशी गाठ पडली. ते स्वतःही जागेच होते. त्यांनी ना कोणास रागे भरले, ना डावपेचांची उजळणी घेतली. आपणांस ह्या मुलांकडून एक भेट हवी आहे, आणि ती म्हणजे उद्याचे सुवर्णपदक, एवढेच त्यांनी सांगितले.

हे मागणे किती साधे, पण किती विचारपूर्वक! भयभीत झालेल्या मनास भिऊ नकोस असे सांगून काही होत नाही. ते अधिकच भिते. त्या मनास भीतीहून मोठी अशी दुसरी एखादी गोष्ट द्यावी लागते. उद्या एक लाख लोक आपली हुर्यो करतील, ही गोष्ट प्रत्येकाच्या डोक्यात घोळत होती. त्या जागी रहीमसाहेबांनी एक निराळे चित्र ठेवले: आपल्या गुरूच्या हातात आपण भेट ठेवीत आहो. शत्रू, प्रेक्षक, जखमा हे सारे मागे सरले. कर्तव्याची जागा प्रेमाने घेतली, आणि प्रेमाने केलेले काम भीतीने डळमळत नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक होते, व जवळजवळ सारे विरुद्ध बाजूचे. मात्र त्या कोलाहलात भारताच्या बाजूने ओरडणारी काही मंडळी होती. ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते. ही गोष्ट इतिहासाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजारातून उठलेला थंगराज गोलात उभा राहिला. गोमंतकीय फॉर्च्युनाटो फ्रँको मधल्या फळीत होता. पहिली वीस मिनिटे पुरी होतात न होतात तोच भारताचे दोन गोल झाले, पहिला पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलसिंगचा. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला. पण उरलेली मिनिटे भारतीय खेळाडूंनी चित्त ढळू न देता काढली, आणि सामना २–१ असा जिंकला. मागितलेली भेट गुरूच्या पदरात पडली. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर, २०२३ साली झालेल्या स्पर्धांपर्यंत, भारतास पुन्हा मिळालेले नाही.

हैदराबादेस परतल्यावर रहीमसाहेबांचा आजार बळावला. काही महिने ते अंथरुणास खिळून होते. ११ जून १९६३ रोजी, वयाची चौपन्न वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी इहलोकची यात्रा संपविली. बरीच वर्षे नव्या पिढीस त्यांचे नावही फारसे ठाऊक नव्हते. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा पुष्कळांस ते नव्याने कळले. परंतु त्यांची विद्या मात्र मध्यंतरी लोपली नव्हती. त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः नामांकित मार्गदर्शक झाले, आणि सामन्यापूर्वी केवळ बोलण्याने खेळाडूंच्या अंगी बळ आणण्याबद्दल कोलकत्यात त्यांची ख्याती झाली. लोक त्या बोलण्यास कौतुकाने शब्दांचे टॉनिक म्हणत. दिव्याने दिवा लागतो तो असा.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? धैर्य हे काही जन्मतः कोणास मिळालेले आणि कोणास न मिळालेले असे वतन नव्हे. ते शिकता येते, शिकविता येते. ते एका दिवसात येत नाही. रोजच्या सरावात, सोसलेल्या फजितीत, पुन्हा गिरविलेल्या धड्यात ते थोडे थोडे साठत जाते, आणि कसोटीच्या दिवशी व्याजासह परत मिळते. ज्या मुलांचे हात परीक्षेच्या दालनात थरथरतात, आणि आलेले उत्तरही ज्यांस ऐन वेळी आठवत नाही, त्यांनी हेलसिंकीचे दहा गोल व मेलबर्नचा तो एक गोल ह्या दोहोंचे स्मरण ठेवावे. त्या दोहोंमध्ये चार वर्षांचा सराव होता.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मूल हरून घरी आले असता किती गोल झाले हे प्रथम विचारू नये. रहीमसाहेबांनी हरलेल्या संघांसही आपलेच मानले, म्हणून ते संघ पुढे जिंकले. आणि जे कोणी मुलांस खेळ शिकवितात, त्यांनी हे ध्यानात बाळगावे की, आपल्या हातात चेंडू आणि शिट्टी असली तरी आपण ज्यावर काम करतो ती वस्तू फार नाजूक आहे. ती रागाने आखडते, उपहासाने कोमेजते. विश्वासाने मात्र ती अशी काही उमलते की, लाख माणसांच्या आरोळ्यांनीही तिचा तोल जात नाही.